पूर्ण मोजलेली माणसं

मधुमती रामटेकेला अमेरिकेच्या संविधानाचा मनापासून राग होता, आणि कित्येक वर्षं तिचं पोट त्याच संविधानावर चाललं होतं. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, ती ए-लेव्हलच्या मुलांना पॉलिटिक्स शिकवायची, आणि त्यात अमेरिकेचा भाग चांगला ऐसपैस होता. दर वर्षी नवी मुलं यायची आणि दर वर्षी मधुमती फळ्यापुढे उभी राहून फिलाडेल्फियातल्या त्या संविधानसभेची हजेरी घ्यायची. १७८७ चा उन्हाळा, दारावर पहारेकरी, आत घामाच्या धारा, तरी खिडक्या बंद, कारण आतलं बोलणं बाहेर फुटता कामा नये. आणि आत बसलेत कोण? जमीनदार, वकील, व्यापारी, त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी विकत घेतलेली माणसं राबतायत. एकही बाई नाही, एकही काळा माणूस नाही. मग ही मंडळी बाहेर येतात आणि कागदाच्या डोक्यावर लिहितात, ‘आम्ही लोक’. इथे मधुमती खडू, म्हणजे हल्ली मार्कर, टेबलावर आपटायची. मुलांना ते आवडायचं.

शिकवायची मात्र चोख. राग आहे म्हणून तिने एक कलम सोडलं नाही. इंग्लंडच्या राजाला हाकलून दिल्यावर तेरा राज्यांनी आधी एक ढिलीढाली गाठ मारली होती, तिच्यात मध्यवर्ती सरकारला कर लावायचीही सोय नव्हती, सैनिकांचे पगार थकले, मॅसॅच्युसेट्समध्ये शेतकरी बंदुका घेऊन उठले, तेव्हा कुठे या लोकांना जाग आली. सरकार तर हवं, पण सरकारची भीतीही वाटते. म्हणून सत्तेचे तीन वाटे केले: कायदा करणारे वेगळे, चालवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, आणि प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला अडवायची काठी. अध्यक्षाला नकाराधिकार, म्हणजे व्हेटो, आणि तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश. लहान राज्यं रुसली तेव्हा एका सभागृहात सगळ्यांना सारखी मतं. “हे कुणीच कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या लोकांनी बनवलेलं यंत्र आहे,” ती सांगायची, “आणि म्हणूनच ते चालतं, म्हणा.” एवढं कौतुक तिच्या तोंडून कसंबसं बाहेर पडायचं.

तीन-पंचमांशाच्या कलमाशी आली की तिचा आवाज बदलायचा. संसदेतल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची, असं ते कलम, आणि मुलं तिथे हटकून चुकायची. गेल्या वर्षी मायरा नावाच्या हुशार मुलीनेही तेच लिहिलं, की गुलामाला तीन-पंचमांश माणूस मानत, हा त्याचा अपमान. मधुमतीने तिला उभं केलं.

“पूर्ण कुणाला मोजायचं होतं? मालकांना! दक्षिणेतल्या मालकांना गुलाम पूर्णच्या पूर्ण मोजायला हवे होते. माणसं जास्त दिसली की संसदेत जागा जास्त. अडवत होते ते उत्तरेतले. मोजायचं सगळ्यांना आणि मत द्यायचं मालकाने, हा त्यातला खरा अपमान आहे. अपूर्णांक नाही.”

मायराने मान डोलावली आणि उत्तर खोडलं. मधुमतीला वाटलं, चला, एक तरी सुधारली. स्वतःच्या दारात तेच कलम कधीपासून लागू आहे, हे तिच्या तोवर ध्यानीमनीही नव्हतं.

तिच्या दारात म्हणजे फोल्सहिलमधल्या मंडळाच्या हॉलमध्ये. जुनं चॅपल विकत घेऊन बौद्ध मंडळींनी तिथे विहार केला होता, आणि तो उभा करण्यात सगळ्यात मोठा हात तिच्या वडिलांचा, दादासाहेबांचा. नागपूरहून आलेला हा माणूस मोटारीच्या कारखान्यात लाइनवर उभा राहिला, युनियनमध्ये शिरला, संध्याकाळी लायब्ररीत बसला. युनियनमध्ये त्यांनी पाहिलं की ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव पास. लायब्ररीत त्यांच्या हाती अमेरिकेच्या संविधानावरचं एक पुस्तक लागलं आणि म्हाताऱ्याला, तेव्हा तरुणच होता, अक्षरशः वेड लागलं. ज्या माणसाच्या बापाला गावाने विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्याला लोकांच्या चांगुलपणावर चालणारा कारभार कसा पटावा?

“या देशात लिहिलेलं एक संविधान नाही,” ते इंग्लंडबद्दल चिडून म्हणायचे. “सगळं रीत आहे म्हणून चालतं. रीत! रीत कुणाच्या बाजूची असते ते आम्हाला विचारा.”

म्हणून मंडळाचं संविधान त्यांनी स्वतः लिहिलं, थेट अमेरिकेच्या वळणावर. ठराव करणारी सभा वेगळी, कारभार पाहणारी समिती वेगळी, तंटा सोडवायला तीन ज्येष्ठ वेगळे. अध्यक्षाला नकाराधिकार, तो मोडायला दोन-तृतीयांश. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ते वाचून दाखवलं तेव्हा लोक भारावून गेले. आणि लहान राज्यांसारखी लहान घरंही दादासाहेबांनी सांभाळली. तेव्हा वासनिकांचं कुटुंब भलंमोठं होतं, काका, पुतणे, सुना, सगळा गोतावळा. डोक्यांवर मतं ठेवली असती तर मंडळ त्यांच्याच घरात गेलं असतं. म्हणून नियम झाला: एक घर, एक मत. मत घरातल्या कर्त्याने द्यायचं. कर्ता कोण, हे लिहायची कुणाला गरजच वाटली नाही.

मतदान घेण्याची रीतही ठरून गेली. हो, रीतच. अध्यक्ष दादासाहेब समोर बसून घरांची नावं घ्यायचे, “मेश्रामांचं घर?” की मेश्राम हात वर करायचा. मधुमती लग्न होऊन नवऱ्याकडे राहत होती तोवर तिला मत नव्हतं. घटस्फोट झाला, ती परत रामटेके झाली, आणि पुढच्या सभेत वडिलांनी गंभीरपणे पुकारलं, “मधुमतीचं घर?” नवरा गेला तेव्हा कुठे ती घर झाली. तिने हात वर केला आणि तेव्हा तिला त्याचं हसूही आलं होतं. पुढे ते हसू विरत गेलं.

झालं असं, की गेल्या हिवाळ्यात हॉलच्या छपराला मदत मिळावी म्हणून शहराच्या कौन्सिलच्या एका बाईंना चहाला बोलावलं होतं. मंडळाची सूत्रं आता मधुमतीचा धाकटा भाऊ राजेंद्र घेणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्याला कुणी निवडलं नव्हतं. त्याच्याकडे फक्त पाहिलं जात होतं. राजेंद्र सूटबूट घालून उभा राहिला आणि पाहुण्यांना म्हणाला, “वी आर ओव्हर टू हंड्रेड स्ट्राँग.” मागच्या स्वयंपाकघरातून शांताबाई, म्हणजे त्यांची आई, भज्यांचं ताट घेऊन येत होती. तिच्या मागे सहा-सात बायका. मधुमतीने त्या बायकांकडे पाहिलं, मग राजेंद्रकडे, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. छपरासाठी दोनशे. मत द्यायला चाळीसही नाहीत. आपण वर्गात ज्यावरून मार्कर आपटतो ते इथे भज्यांबरोबर वाढलं जातंय.

मग मधुमती गप्प बसेल? तिने ठराव मांडला: प्रत्येक प्रौढ माणसाला स्वतःचं मत, बाई असो की पुरुष. नशिबाने, किंवा दुर्दैवाने म्हणा, दादासाहेब त्या वेळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होते. सभा चालवायला उपाध्यक्ष शशिधर वासनिक बसला होता. शशिधरला ठराव भलताच आवडला, आणि का आवडला ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. त्याच्या गोतावळ्यात अजूनही बायका चिक्कार होत्या. ठराव पास झाला. मधुमतीला कारणं शुद्ध नको होती, हात वर हवे होते. फिलाडेल्फियात तरी कोण शुद्ध होतं?

डोळ्याची पट्टी निघाली आणि दादासाहेबांनी मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच नकाराधिकार वापरला.

त्यावरून बापलेकीत जे पेटलं ते महिने-महिने विझलं नाही. ती रविवारी आईबाबांकडे जेवायला जायची, ते बंद झालं. फोनवर दोघं बोलायचे ते भांडायलाच.

“घरात दोन मतं झाली की घर फुटतं, मधू. आणि घर फुटलं की समाज फुटतो. आपल्याला फुटणं परवडत नाही.”

“भारतात पहिल्या निवडणुकीपासून प्रत्येक बाईला मत आहे, बाबा. ते कुणी दिलं, हे मी तुम्हाला सांगायचं? तुमच्या भिंतीवर तसबीर आहे त्यांची. मत दिल्लीत चालतं, नागपुरात चालतं, आणि कॉव्हेंट्रीत आल्यावर घर फुटतं?”

“तू ते तुझ्या कॉलेजातलं इकडे आणू नकोस.”

“तुम्हीच आणलंय ते इकडे! व्हेटो काय नागपूरहून आला?”

दादासाहेबांनी फोन ठेवला. राजेंद्रने तिला मेसेज केला की म्हाताऱ्या माणसाला त्रास देऊन तुला काय मिळतंय. तिने उत्तर दिलं की तुला काय मिळतंय ते आधी सांग. भावाबहिणीत एवढाच संवाद उरला होता.

वार्षिक सभा जूनमधल्या एका रविवारी दुपारी होती. नकार मोडायचा तर दोन-तृतीयांश घरं हवी होती. मधुमतीने घरोघरी फोन केले, तरुण मंडळींना पटवलं, शशिधरला चहा पाजला. बायकांना फोन करण्यात अर्थ नव्हता, त्यांना मत कुठे होतं? शनिवारपर्यंत तिचा हिशोब जमला होता. घासून, पण जमला होता. हे झालं तर पुढचा अध्यक्षही मतांनी निवडावा लागेल, आणि सगळ्या बायकांची मतं मिळाल्यावर राजेंद्र कसा निवडून येतो ते मी बघते, असं ती मनात म्हणत होती. खरं सांगायचं तर तिने अध्यक्षपदाचं स्वप्नही पाहून ठेवलं होतं.

हॉल भरला होता. बायका मागे भिंतीला लागून बसल्या होत्या. शांताबाई स्वयंपाकघराच्या दाराशी, पदर खोचून. राजेंद्र आधी बोलला आणि वाईट बोलला. ‘युनिटी’ हा शब्द त्याने इतक्या वेळा उच्चारला की पुढच्या रांगेतला एक जण हसला. मधुमतीला वाटलं, जिंकलो. मग दादासाहेब उठले. काठी बाजूला ठेवली. आवाज थकलेला होता, पण वाक्यं कसलेली होती.

“मधुमती शिकलेली आहे. अमेरिकेचं संविधान ती मुलांना शिकवते, मी तिच्याकडून पुष्कळ शिकलो. तिने मला सांगितलं होतं, तिथे काही माणसांना तीन-पंचमांश मोजलं. मला त्या रात्री झोप आली नाही. मी म्हटलं, आपल्याकडे असं होणार नाही. या मंडळात आपण कुणालाच अपुरं मोजत नाही. माझी बायको, तुमच्या बायका, तुमच्या लेकी, कौन्सिलच्या बाईंपुढे आम्ही प्रत्येकीला पूर्ण मोजतो. मान आहे तो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मधुमती खुर्चीतून उठली. थांबायला हवं होतं. बाजूच्या बाईने तिचा हात धरलाही होता. पण वर्गात इतकी वर्षं दिलेलं उत्तर तिच्या तोंडात तयार होतं, आणि ते थांबलं नाही.

“मालकांनाही पूर्णच मोजायचं होतं, बाबा.”

कुणाला कळलं नाही असं झालं नाही. तिने ते समजावूनही सांगितलं, शिक्षिकेची खोड. डोकी पूर्ण मोजायची आणि मत आपण द्यायचं, हेच मालकांना हवं होतं, आणि इथे तेच चालू आहे. बोलता बोलता तिला दिसत होतं की समोरचे चेहरे मिटत चाललेत, तरी ती शेवटपर्यंत बोलली.

दादासाहेबांनी बाजूला ठेवलेली काठी पुन्हा हातात घेतली.

“मालक,” ते म्हणाले. “माझ्या बापाला मालकाच्या ओसरीवर चढू दिलं नाही. आई शेण गोळा करायची, त्याच्या गोठ्यातलं. मी सात समुद्र ओलांडून आलो ते माझ्या पोरांना कुणी मालक नसावा म्हणून. आणि माझी पोरगी भर सभेत, बाबासाहेबांच्या पुढ्यात, मला मालक म्हणते.”

ते खाली बसले. मतदान घ्यायलाही त्यांचा आवाज चालेना, म्हणून नावं शशिधरने पुकारली. मेश्रामांचा हात वर आला नाही. गजभियांचा आला नाही. ज्या तरुणांनी फोनवर “ताई, हंड्रेड परसेंट” म्हटलं होतं ते बुटांकडे बघत होते. शशिधरने स्वतःच्या घराचं नाव घेतलं आणि स्वतःचा हात मांडीवरून उचलला नाही. “मधुमतीचं घर?” तिने हात वर केला. अवतीभवती पाहिलं तर हात मोजकेच होते. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता: वडिलांचा, त्या बुटांकडे बघणाऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडाचा. ठराव पडला. राजेंद्रने टाळी वाजवली नाही, एवढी अक्कल त्याने दाखवली.

लोक पांगले. मधुमतीकडे कुणी आलं नाही. दोघीतिघी बायका जवळून गेल्या त्यांनीही “जय भीम” म्हटलं ते पुढे बघत. ती स्वयंपाकघरात गेली, कारण दुसरीकडे कुठे जाणार? शांताबाई सिंकपाशी एकटी डाळीचं पातेलं घासत होती. मधुमतीने टॉवेल घेतला आणि धुतलेली भांडी पुसायला लागली.

“तू काहीच बोलली नाहीस, आई.”

“मले बोलाचा हक कुठं होता? त्याच्यासाठीच तर भांडून राह्यली होती ना तू.”

“मी तुझ्यासाठी भांडले. तुम्हा सगळ्यांसाठी.”

शांताबाईने पातेलं उलटं ठेवलं. ती ऐंशीच्या घरात होती, तरी तिच्या हातांना अजून घाई होती.

“इतक्या लोकाइले फोन केले तू. शशिधरले केला, गजभियाले केला. मले इचारलं काय? मी तं घरीच होती, फोनच्या बाजूले.”

मधुमतीने फोन केलेली नावं आठवून पाहिली. एकाही बाईला तिने विचारलं नव्हतं. सगळ्या आपल्याच बाजूच्या, हे तिने धरूनच ठेवलं होतं. हिशोब करताना तिनेही त्यांना पूर्ण मोजलं होतं.

“तुला नको होतं का मत?” तिने विचारलं.

“पायजे होतं. कितीतरी वर्षांपासून पायजे होतं. तुह्या बापाले मी एकदा म्हटलंही, तू लहान होती तवा. ते हसले.”

“मग हेच तर...”

“आयक ना. मत भेटलं असतं, तर मी राजेंद्रले देल्लं असतं.”

मधुमतीचा हात थांबला. राजेंद्रला. ज्याने या स्वयंपाकघरात कधी एक काकडी चिरली नव्हती, जो आईला टू हंड्रेडमध्ये धरून कौन्सिलकडून छप्पर मागत होता, त्याला. तिला इतकं अन्याय झाल्यासारखं वाटलं की डोळे भरून आले.

“का? त्याने तुझ्यासाठी काय केलंय?”

“ते मी तुले काहून सांगू? तुह्या बापालेही सांगत नसती. माहं मत हाय.” शांताबाईने हात झटकले आणि लेकीकडे पहिल्यांदा नीट वळून पाहिलं. “आता माहीत झालं ना तुले, कोणाले भेटन ते. मंग सांग. पुढच्या साली परत मांडशील काय?”

बाहेर राजेंद्र खुर्च्या एकावर एक रचत होता, त्यांचे आवाज येत होते. मधुमती टॉवेल हातात धरून उभी राहिली. हो म्हणायचं होतं. हो म्हणण्यावाचून दुसरं काही शक्यच नव्हतं, आयुष्यभर तिने तेच शिकवलं होतं. तरी तिने आधी पुसलेलं एक ताट पुन्हा पुसलं, मग दुसरं.

“मांडेन,” ती शेवटी म्हणाली.

“पाह्य, किती वेळ लागला तुले,” शांताबाई म्हणाली आणि नळ बंद केला.